पी.टी.च्या बाईंची चित्रं

गुरुवारी दुपारी माझी बायको शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होती. ती पडली. शाळेतून फोन आला. मी रिक्षाने दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं, आणि मग सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी उभ्याउभ्या काढले. कोकणातून नातेवाईक आले, तेरावं झालं, ते गेले. मी सिल्वासाच्या एका शाळेत मराठी शिकवतो. वाचणं हे माझं कामही आहे आणि सवयही. पण पुस्तक उघडलं की दुसऱ्या परिच्छेदाला मी उठायचो. पंखा बंद करायचो, पुन्हा लावायचो, गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे चाचपायचो. संध्याकाळी चालत दमणगंगेच्या पुलापर्यंत जायचो आणि पुलावर पोचल्यावर लक्षात यायचं की आपलं इथे काही काम नाही. मग परत. घरी आलो की भिंतीवरची चित्रं उतरवून दुसऱ्या भिंतीवर लावायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या.

ती चित्रं तिची. ती दुसऱ्या एका शाळेत पी.टी. शिकवायची. दिवसभर शिट्टी फुंकून घरी आली की हातपाय धुऊन चित्राला बसायची, आणि काढायची ती फक्त खेळणाऱ्यांची. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, सिल्वासाजवळच्या सायली गावच्या मैदानावरचं टेनिस बॉलचं क्रिकेट. निसर्गचित्र काढ म्हटलं तर म्हणायची, "झाड काय, उभंच असतं." तिच्या चित्रांत चेहरे फार थोडे. पाठी असायच्या, पोटऱ्या, कोपरं, जमिनीवरून सुटलेलं पाऊल. मी आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलो नाही, आणि कॅरममध्येही राणी हातची घालवायचो. ती मला राखीव खेळाडू म्हणायची. पाहुण्यांसमोरसुद्धा. "हे आमचे राखीव. जन्माचे राखीव."

दर शनिवारी ती बसने खानवेलला जायची. तिथल्या वसतिगृहातल्या मुलींची खो-खोची टीम तिने उभी केली होती. त्या मुलींवरच तिची फिल्म चालली होती. फिल्म म्हणजे कॅमेऱ्याची नव्हे. हाताने काढलेली, एकेका कागदावर एकेक हालचाल. कागद भराभर सरकले की मुलगी पळायला लागते, ती. एका मुलीच्या मागे सगळी टीम लागते आणि शेवटी ती पकडली जाते, एवढीच गोष्ट. कपाटाचे दोन खण त्या कागदांनी भरले होते. सगळे कागद पेन्सिलीने पूर्ण झाले होते आणि पहिल्यापासून ती क्रमाने रंग भरत आली होती.

तिचे दोन नियम होते. फिल्ममधले आवाज त्या मुलींचेच हवेत. आणि फिल्मचा खर्च चित्रं विकून करायचा, पगारातून नाही. "पगार घराचा," ती म्हणायची. "खेळणाऱ्यांची फिल्म खेळणाऱ्यांच्या चित्रांवर होऊ दे." चित्र मात्र तिने एकही विकलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत विकू, असं दर सुट्टीत चालायचं.

तेराव्याला मुली आल्या होत्या, वसतिगृहाच्या गृहमाता त्यांना घेऊन आल्या होत्या. हॉलमध्ये भिंतीला टेकून ओळीने बसल्या. जेवल्या नाहीत फारशा. निघताना त्यांच्यातली एक, टीमची कॅप्टन, चप्पल घालता घालता म्हणाली, "सर, आमची फिल्म राहिली काय?"

मी त्यांना सोडायला निघालो. गृहमातांनी जिना उतरताना सांगितलं की या सगळ्या दहावीच्या. परीक्षा झाली की पांगणार. कोणी सायलीला कारखान्यात पॅकिंगला लागेल, कोणाचं लग्न ठरेल, कोणी गावी शेतीला. नंतर एकत्र मिळायच्या नाहीत.

त्या दिवसापासून माझ्या येरझाऱ्यांना निदान एक दिशा मिळाली.

वापीत एक जण लग्नांचे व्हिडिओ करायचा. कागद स्कॅन करणं, जोडणं, आवाज बसवणं, हे सगळं तिने त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. माणूस माझ्याच वयाचा, सतत घाईत, दोन फोन घेऊन वावरणारा. त्याला बाईंचं कळलं होतं. त्याने हळहळ व्यक्त केली आणि मग कामाचं सांगितलं: पैसे आगाऊ, आणि लग्नसराईच्या आत. वाटल्यास एखादं गाणं टाकू, शेवटी जरा स्लो मोशन करू. आवाजासाठी सगळ्या मुली कशाला, एक आणा, बाकीच्या मी तिच्यातूनच काढतो. मी सगळ्या आणतो म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला बहुधा वाटलं असावं की हा माणूस दुःखात आहे, आत्ता वाद नको.

पहिलं प्रदर्शन आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मांडलं. दोन्ही शाळांचे शिक्षक आले, कचेरीतली ओळखीची माणसं आली. समोसे संपले. सगळे म्हणाले, बाईंचा हात फार छान होता. एका बाईंनी गणपती आहे का विचारलं, त्यांची वास्तुशांत होती. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी बराच वेळ एका कबड्डीच्या चित्रापुढे हात मागे बांधून उभे होते. मला आशा वाटली.

"सर, ते सात घोड्यांचं नाही का?" ते म्हणाले. "पूर्वेला लावायला. घोडेही पळतातच की."

एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की तिच्या फंडाचे पैसे येतीलच, त्यातून फिल्म करून टाक, हा व्याप कशाला? त्याचं चुकीचं नव्हतं. पण नियम तिचा होता, आणि तो मोडायची परवानगी द्यायला ती नव्हती. मी तेवढंच म्हणालो की बघतो. संध्याकाळी सगळी चित्रं परत वर नेली. लिफ्ट बंद होती.

मग मला सुचलं ते सायलीचं मैदान. रविवारी तिथे कारखान्यांच्या टीमचे सामने असतात. तिथेच तर ती वही घेऊन बसायची. आयोजकांना विचारून चहाच्या टपरीशेजारी दोन बाकं टाकली, प्लायवूडला टेकवून चित्रं मांडली आणि एका फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: मूळ चित्रे विक्रीस आहेत.

सामना संपल्यावर दोघं जण चहाचा ग्लास घेऊन आले. खानदेशातले असावेत, बोलण्यावरून. एकाने फळा वाचला.

"मूळ म्हणजे? मूळव्याधीचं काही आहे का, भाऊ?"

"खेळणाऱ्याला कशी होईल ती," दुसरा म्हणाला. "तुला होईल. दिवसभर मशीनपुढे बसतो."

मी फळा पुसला. भाषेच्या शिक्षकाला हे जड जातं, पण पुसला, आणि 'ओरिजिनल' लिहिलं. आता शब्द सगळ्यांना कळला, आणि तीच अडचण झाली. आमच्या इथल्या बाजारात ओरिजिनल हा शब्द एकटा फिरत नाही. बूट, चार्जर, बेअरिंग, काहीही घ्या, ओरिजिनलच्या पाठोपाठ डुप्लिकेट येतोच, आणि बहुतेक जण डुप्लिकेटच घेतात. येणारा प्रत्येक जण मला डुप्लिकेटचा भाव विचारायचा. एकाने फर्स्ट कॉपी चालेल म्हणून सांगितलं. डुप्लिकेट नाहीच, प्रत्येक चित्र एकच आहे, असं मी समजावलं तेव्हा त्याने मान हलवली.

"ज्याची डुप्लिकेट निघत नाही ना सर, तो माल चालत नाही."

त्या रविवारी काही विकलं गेलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. व्हिडिओवाल्याचे फोन यायला लागले. एक दिवस मी वर्गात कविता शिकवत असताना खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि किती वेळ बोललोच नाही ते मला कळलं नाही. मुलांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे पाठवलं, ती येऊन म्हणाली, सर, पुढची ओळ.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी एक जण कबड्डीच्या चित्रापुढे थांबला. पंचविशीचा, कारखान्याच्या टी-शर्टात, ओल्या केसांचा. चित्रात चढाई करणाऱ्याची पाठ होती आणि त्याचा पाय धरून ठेवलेला एक हात. चेहरा नव्हताच. हा वाकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा वाकला.

"हाऊ मी शे," तो सोबत्याला म्हणाला. मग मला कळावं म्हणून माझ्याकडे वळून, "हा मी आहे, सर."

मी विचारलं, कशावरून? त्याने पँट वर केली. उजव्या घोट्यावर एक गाठ होती, मोडून वाकडं बसलेल्या हाडाची. चित्रातल्या घोट्यावरही होती. मी ते चित्र इतके दिवस या भिंतीवरून त्या भिंतीवर नेत होतो, आणि मला ती गाठ म्हणजे रंगाचा फटकारा वाटत होती.

त्याला चित्र हवं होतं, पण ठेवायला जागा नव्हती. खोलीवर सहा जण, भिंत एक, आणि तिच्यावर दोरी बांधून सगळ्यांचे कपडे. तो गेला. तासाभराने पाचही सोबत्यांना घेऊन आला. त्यांनी घोटा पाहिला, चित्र पाहिलं, पुन्हा घोटा पाहिला, आणि त्याची भरपूर चेष्टा केली. पाठीमागूनच बरा दिसतोस, म्हणाले. चित्र काढणाऱ्याला पुढून पाहवलं नसेल, म्हणाले. मग सहा जणांनी मिळून ते घेतलं. गावाकडे घर बांधलंय, भिंती कोऱ्या आहेत, तिथे लावणार. ते त्यांनी चादरीत गुंडाळलं आणि त्याने मला विचारलं, बाईंना दाखवायचा होता घोटा, त्या कधी येतात?

मी सांगितलं. तो चादरीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला.

त्या दिवसानंतर सायलीत ओरिजिनलचा अर्थ बदलला. ओरिजिनल म्हणजे ज्यात खरा माणूस आहे ते चित्र. लोक येऊन विचारायचे, "यात ओरिजिनल कोण आहे?" फळ्यावरचा शब्द तोच राहिला, पण मी आता चित्रांची माहिती सांगणं सोडून चित्रांतली माणसं शोधायला लागलो. तिने मागे बारीक अक्षरात मैदान आणि खेळ लिहिलेलं असायचं. तेवढ्यावर सामन्यांमध्ये हिंडून मी विचारायचो, हे कोपर कोणाचं, डाव्या हाताने सर्व्हिस कोण करतो. आयुष्यात मी एवढी माणसं निरखली नव्हती. एक विकेटकीपर दादऱ्याला सापडला, कँटीन चालवत होता. व्हॉलीबॉलचा एक जण नोकरी सोडून गेला होता, त्याच्या धाकट्या भावाने चित्र घेतलं आणि व्हिडिओ कॉल लावून त्याला दाखवलं. तो पलीकडून म्हणाला की चित्रातलं नेट खाली आहे, बाईंना सांगा. भावाने पटकन फोन बाजूला नेला.

काही चित्रांतला माणूस मिळालाच नाही. ती चित्रं शेवटी एका कारखान्यात गेली. तिथले एक मोठे साहेब स्वतः मैदानावर आले, त्यांना स्वागतकक्षासाठी चार मोठी चित्रं एकदम हवी होती. त्यावर फिल्मचं बहुतेक काम भागलं असतं. अट एकच होती. खेळाडूंच्या जर्सीवर कंपनीचं नाव घालून द्या.

"रंगवणारी नाही आता," मी म्हणालो.

"दुसऱ्या कोणाकडून करून घ्या ना, सर. एवढंसं काम. छातीवर चार अक्षरं."

मी नाही म्हणालो आणि घरी आलो, आणि रात्रीच्या जेवणाआधीच मला पश्चात्ताप झाला. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक अर्ध्या तासात ते करून देऊ शकले असते. चार अक्षरांनी चित्राचं काय जाणार होतं? मुलींची परीक्षा जवळ येत होती. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घातल्या. तिला विचारलं असतं तर तिने काय म्हटलं असतं हे मला खरंच माहीत नव्हतं. कदाचित हसून म्हणाली असती, घाल की, खेळाडू कंपनीचेच आहेत. माणूस गेल्यावर त्याचं मत आपल्याला माहीत होतं असं आपण धरून चालतो. मला बरंचसं माहीत नव्हतं.

सकाळी साहेबांचाच फोन आला. त्यांनी मार्ग काढला होता. चित्रं काचेत बसवायची आणि नावाचा स्टिकर काचेवर लावायचा, बरोबर छातीवर येईल असा. चित्राला हात लागणार नाही, काचेला लागेल. मी हो म्हणालो. ती चारही चित्रं आजही तिथे आहेत. बाजूने पाहिलं की स्टिकर आणि छाती यांच्यात बोटभर फट दिसते.

पैसे जमले ते स्कॅनिंग, जोडणी, आवाज आणि मुलींना आणायची गाडी यांना पुरतील एवढे. उरलेल्या कागदांत रंग भरून घेण्यासाठी नव्हते. व्हिडिओवाल्याने एक मुलगा सुचवला, कॉम्प्युटरवर स्वस्तात भरून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. यावेळी पश्चात्ताप झाला नाही.

गृहमातांनी एका रविवारची परवानगी दिली. मुली आल्या, टीमच्या ट्रॅकसूटमध्ये, गाडी लागल्यामुळे दोघी हिरव्यापिवळ्या झालेल्या. एक आली नव्हती. तिचं लग्न ठरलं होतं आणि घरचे तिला घेऊन गेले होते. वापीतली ती खोली छोटी, भिंतींना स्पंज लावलेला, मधे माईक. व्हिडिओवाल्याने त्यांना एकेक करून उभं केलं आणि खो म्हणायला सांगितलं.

खो निघेना. म्हणजे शब्द निघत होता, पण हजेरीला "हजर" म्हणावं तसा. जोरात म्हण, तो म्हणाला, तर ओरडल्यासारखा. हळू म्हण, तर प्रश्न विचारल्यासारखा. मुली हसायला लागल्या, मग हसणं थांबेना, मग तो चिडला. लग्नांत एवढ्यात वरात आटपते, म्हणाला. मी दारापाशी उभा होतो, बसवत नव्हतं. एवढी चित्रं विकून शेवटी हा आवाज मिळणार होता.

कॅप्टन माझ्याकडे आली. "सर, असा नाय होत. पाठीला हात लागला का मगच खो येतो. मॅडम फाउल देत असत, नुसता बोलला तर."

मग माईक खाली घेतला, सतरंजी काढली आणि मुली फरशीवर ओळीने बसल्या, खेळात बसतात तशा, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मधे एक जागा सुटली. त्यांनी ती भरून काढली नाही. सरकल्याच नाहीत. जागा तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"सर, बसा ना," कोणीतरी म्हणालं. "मॅडम म्हणत, तुम्ही राखीव आहात."

मी बसलो. उकिडवं, हात जमिनीला टेकून, भिंतीकडे तोंड करून. मला मागचं काही दिसत नव्हतं. पायांचे आवाज येत होते, अनवाणी, जवळ येणारे आणि वळणारे. खो, डावीकडे. खो, लांब. आता ते खरे निघत होते, आखूड, दमलेले. आणि मग माझ्या पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मधे, एक तळवा पडला.

"खो."

मी तसाच बसून राहिलो. कितीतरी महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता. भेटायला आलेली माणसं नमस्कार करून जात. तळवा गरम होता आणि लगेच निघून गेला.

"सर," ती मागून म्हणाली, अगदी हळू, जशी वर्गात झोपलेल्या मैत्रिणीला उठवतात तशी. "खो मिळाला. उठायचं असतं."

मी उठलो. माझा गुडघा कडकन वाजला. मुली हसल्या, व्हिडिओवाल्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि कानावरचे हेडफोन दाबून धरून म्हणाला की हे चांगलं आलं, असंच चालू द्या. मग मी धावलो. दोन पावलं, खोलीत तेवढीच जागा होती, आणि पुढच्या मुलीच्या पाठीला हात लावून मीही खो म्हणालो. माझा खो त्याने नंतर काढून टाकला. गुडघा ठेवला.

परीक्षेच्या आधी, खानवेलच्या वसतिगृहात दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही फिल्म पाहिली. भिंतीवर चादर होती. मुली स्वतःला ओळखून एकमेकींना ढकलत होत्या; हे माझं पळणं, ही तुझी वेणी. गुडघा वाजला तेव्हा सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून निघाली आणि तिच्या झग्यातला लाल रंग गेला, मग मातीचा गेला, मग सगळ्यांचाच. पेन्सिलीच्या रेघा पळत राहिल्या. आवाज तसेच येत होते.

अंधारात कोणीतरी म्हणालं, "इथून मॅडम नाहीत."

पळणारी पकडली गेली, फिल्म संपली, गोधड्या काढल्या आणि मुली अभ्यासाला बसल्या.

त्यांची परीक्षा होऊन गेली. कॅप्टन सायलीला पॅकिंगमध्ये आहे, बाकीच्यांचं मला नीट माहीत नाही. भिंतींवर आता एकही चित्र नाही, कपाटाच्या दोन खणांत कागद आहेत, आणि फिल्मची एक प्रत माझ्या टेबलावर आहे. ती मी घरी अजून लावलेली नाही.